‘कोकणात कौलारू घर, सोबत ३० गुंठे जमीन, एकदम निवांत’ : अशी रील बघून टोकन देण्याआधी हे वाचाच

ड्रोन हळूहळू वर जातो. खाली लाल कौलांचं घर, समोर सारवलेलं खळं, बाजूला विहीर, मागं काजू-आंब्याची झाडं आणि त्यामागं डोंगर. आजूबाजूला दुसरं घर दिसत नाही. बासरी वाजते आणि स्क्रीनवर अक्षरं येतात, ‘शेजारी कुणी नाही. फक्त तुम्ही आणि निसर्ग. रिनोव्हेटेड कौलारू घर, ३० गुंठे जमीन, क्लिअर टायटल. किंमत डीएममध्ये.’

अशी रील तुम्हीही पाहिली असणार. एखाद्या वैतागलेल्या सोमवारी सेव्हसुद्धा केली असणार.

मला ही रील माझ्या मामाने पाठवली. खाली फक्त एक ओळ होती, ‘काय म्हणतेस?’ मामा गेल्या वर्षी रिटायर झाला. आयुष्य डोंबिवली ते सीएसएमटी लोकलमध्ये गेलं. आता फंडाचे पैसे हातात आहेत आणि मामीला घेऊन गावाकडे राहायला जायचं डोक्यात आहे. मी ‘मस्त आहे’ म्हणून बदामाचा इमोजी टाकला, तर त्याचा फोनच आला. ‘मस्त आहे ना? मग रविवारी जाऊन एक लाख टोकन देतोय.’

पत्रकार असलं की घरच्यांना वाटतं, हिला सगळं माहीत असतं. मला काहीच माहीत नव्हतं. म्हणून मामाला म्हटलं, थोडं थांब. पुढचे तीन आठवडे मी तलाठी कार्यालय, एक वकील, भूमी अभिलेख आणि त्या घराच्या शेजारची माणसं यांच्याकडे फेऱ्या मारल्या. त्यातून जे कळलं, ते नीट एका जागी सांगते. कारण ज्या गोष्टीसाठी आपण पैसे देतो, ती रीलमध्ये दिसतच नाही.

आधी हे सांगा, एवढी घरं विकायला आली कुठून?

कोकणातलं बंद घर ही काही नवी गोष्ट नाही. पिढ्यानपिढ्या माणसं मुंबईला गेली. घर उघडायचं ते गणपतीत, शिमग्यात आणि फार तर मे महिन्यात. म्हातारी माणसं गेली, कौलं सरकली, वाळवी लागली आणि एक दिवस कुलूप गंजून गेलं.

दुसरीकडे कोकणात पोचणं सोपं झालं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. मुंबई-गोवा महामार्ग रखडत का होईना रुंद होत गेला. २०२१ मध्ये सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ सुरू झाला, २०२३ मध्ये गोव्यात मोपाचा. मध्ये कोरोना येऊन गेला आणि लॅपटॉप कुठंही उघडता येतो हे लोकांना कळलं. मग बंद घर मिळवायचं, कौलं बदलायची, भिंती रंगवायच्या, ड्रोन उडवायचा आणि विकायला काढायचं असा धंदाच उभा राहिला.

यात वाईट काही नाही. पडणारं घर उभं राहतं, कुणाला तरी राहायला मिळतं. घोळ होतो तो पुढं.

एक जाहिरात, पण वस्तू चार

शहरात फ्लॅट घेतो तेव्हा आपण एक वस्तू घेतो. तीच सवय घेऊन आपण गावात जातो. पण ‘जमिनीसह घर’ या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या गोष्टी असतात.

एक, घराची इमारत. दोन, त्या घराखालची जागा. तीन, भोवतालची शेतजमीन. चार, तिथपर्यंत जाणारी वाट.

या चारही गोष्टींचे कागद वेगळे असतात आणि कधीकधी मालकही वेगळे असतात. रंगरंगोटी होते ती फक्त पहिल्या गोष्टीची. पुढं फसगत होते ती बाकीच्या तिघींत.

पहिला प्रश्न घराला नाही, स्वतःला विचारा : तुम्ही शेतकरी आहात का?

महाराष्ट्रात शेतजमीन कुणालाही विकत घेता येत नाही. १९४८ चा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आहे, त्याचं कलम ६३ सांगतं की शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकता येणार नाही. व्यवहारात शेतकरी असल्याचा पुरावा म्हणजे तुमच्या नावाचा सातबारा.

मग एजंट म्हणतो, ‘काही होत नाही हो, करून देतो सगळं.’ कुणाच्या तरी नावावर घ्या, दाखल्याचं बघू, असं सुरू होतं. इथं लक्षात ठेवा, नियम मोडून केलेली खरेदी याच कायद्यातल्या कलम ८४ क खाली तहसीलदार चौकशी करून अवैध ठरवू शकतात. तसं झालं तर जमीन सरकारजमा होण्यापर्यंत गोष्ट जाते. पैसे आपले, रंग आपला आणि जमीन सरकारची.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी नियम आणखी कडक आहे. अनिवासी भारतीयांना आणि ओसीआय कार्ड असलेल्यांना परकीय चलनाच्या नियमांनुसार भारतात घर घेता येतं, पण शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलं तर गोष्ट वेगळी.

ज्यांच्याकडे सातबारा नाही त्यांनी काय करायचं? गावठाणातलं घर बघायचं किंवा रीतसर बिगरशेती झालेली जागा बघायची. तिथं शेतकरी असण्याची अट लागत नाही. पण गावठाण म्हणजे शेजार आला, वाडी आली, भजन आलं. रीलमधला एकांत बहुतेक वेळा शेतजमिनीतच असतो.

मामाकडे स्वतःच्या नावाचा सातबारा नव्हता. पण एक गोष्ट होती. ती शेवटी सांगते.

सातबारा वाचायचा कसा?

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. सातमध्ये जमीन कुणाच्या नावावर आहे आणि तिच्यावर काय बोजे आहेत ते असतं, बारामध्ये पिकांची नोंद असते. सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. विकणाऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवर न जाता तो स्वतः काढा.

उतारा हातात आला की चार ठिकाणी बघायचं.

पहिलं म्हणजे क्षेत्र. ते हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतं. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एक एकर. ३० गुंठे म्हणजे साधारण ३०३५ चौरस मीटर. मामाच्या केसमध्ये उताऱ्यावर ३० गुंठे कुठंच नव्हते. तिथं दिसत होता सव्वा हेक्टरचा एक अख्खा हिस्सा. त्यातले ३० गुंठे ‘आमच्या वाटणीचे’ होते, पण ही वाटणी फक्त तोंडी झालेली. म्हणजे नकाशावर ते ३० गुंठे नेमके कुठं सुरू होतात आणि कुठं संपतात, हे फक्त विकणाराच सांगत होता.

इथं तुकडेबंदीचा कायदाही आडवा येतो. १९४७ च्या या कायद्याप्रमाणे ठराविक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडून विकता येत नाही. २०२३ मध्ये राज्यातल्या बहुतांश जिल्ह्यांसाठी ही मर्यादा जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरवली गेली. त्यानंतरही या कायद्यात बदल होत आलेत. त्यामुळे व्यवहाराच्या दिवशी काय नियम लागू आहे, हे दुय्यम निबंधक कार्यालयात विचारूनच पुढं जायचं.

दुसरं म्हणजे भोगवटादार वर्ग. वर्ग १ असेल तर साधारणपणे मालकाला विकायला मोकळीक असते. वर्ग २ असेल तर सरकारच्या परवानगीशिवाय हस्तांतर करता येत नाही. ‘काही नाही, वर्ग २ चं वर्ग १ करून घेऊ’ असं कुणी म्हटलं, तर म्हणायचं, ‘मग करून घ्या आणि नंतर फोन करा.’

तिसरं ठिकाण म्हणजे ‘इतर हक्क’ हा रकाना. कोकणातला अर्धा इतिहास याच रकान्यात सापडतो. बँकेचा बोजा, कोर्टाचा दावा, विहिरीचा हक्क, वनाचा शेरा आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुळाचं नाव. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. कसेल त्याची जमीन या तत्त्वावर त्या दिवशी कुळं जमिनीची मालक मानली गेली. पण कित्येक ठिकाणी पुढची किंमत ठरवण्याची, प्रमाणपत्र देण्याची प्रक्रिया पूर्ण झालीच नाही आणि नावं तशीच राहिली. तुम्ही ज्याला मालक समजून पैसे देता, त्याच्याच उताऱ्यावर दुसऱ्या कुणाचं तरी नाव सत्तर वर्षं शांत बसलेलं असतं. ते नाव मेलेल्या माणसाचं असलं तरी त्याचे वारस जिवंत असतात.

कुळाने कायद्याने मिळवलेली जमीन विकायलाही कलम ४३ ची अट आहे. आधी प्रत्येक वेळी परवानगी लागायची. २०१४ च्या बदलानंतर खरेदीला १० वर्षं झाली असतील, तर शेतसाऱ्याच्या ४० पट रक्कम भरून आणि शेतकऱ्यालाच विकण्याच्या अटीवर तो मार्ग मोकळा झाला. ही रक्कम भरल्याची पावती बघायला मागायची.

चौथी गोष्ट म्हणजे फेरफार. उताऱ्यावर गोल कंसात नंबर दिसतात ना, ते फेरफार नोंदींचे असतात. जमीन आजोबांकडून नातवाकडे कशी आली, मध्ये कुणाचं नाव आलं, कुणाचं कमी झालं आणि का, ही सगळी गोष्ट त्या नोंदींत असते. जुने फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात. कंटाळवाणं काम आहे. पण करा.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज. ‘सातबारा नावावर आहे म्हणजे मालक.’ तसं नाही. सातबारा ही महसुली नोंद आहे. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती खरी मानतात, पण मालकी त्या नोंदीने मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. मालकी येते ती वारसाने, नोंदणीकृत खरेदीखताने, बक्षीसपत्राने, कोर्टाच्या हुकूमनाम्याने. म्हणून वकिलाकडून मागच्या ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतात.

रीलमध्ये एक भाऊ, उताऱ्यावर नऊ जण

मामाला घर दाखवणारा माणूस मालक नव्हताच. त्याने घराची दुरुस्ती केली होती आणि त्याच्याकडे एका भावाचं कुलमुखत्यारपत्र होतं. उताऱ्यावर मात्र नऊ नावं होती. दोन भाऊ, पुतणे आणि तीन बहिणी.

‘बहिणींचं काय विचारता? त्या लग्न होऊन गेल्या,’ असं तो माणूस म्हणाला.

आता हे वाक्य कायद्यात कुठंच बसत नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्माने हक्क आहे. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. हक्क सोडायचा असेल तर बहिणीला नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं लागतं. राखीला साडी दिली म्हणून हक्क सुटत नाही.

एका हिस्सेदाराला आपला हिस्सा विकता येतो, हे खरं. पण मग तुम्ही घर विकत घेत नाही, तुम्ही एका न वाटलेल्या मिळकतीतला हिस्सा विकत घेता. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात बाहेरच्या माणसाने हिस्सा घेतला, तरी त्याला घरात एकत्र राहण्याचा हक्क मिळत नाही, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ सांगतं. म्हणजे पैसे देऊन वाटपाचा दावा विकत घेतल्यासारखंच.

आणि कुलमुखत्यारपत्राचं म्हणाल, तर २०११ च्या सूरज लॅम्प निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलंय की नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. मुखत्यारपत्र देणारा माणूस जिवंत आहे का, त्याने ते रद्द केलं नाही ना आणि बाकीच्या आठ जणांची सही कुठं आहे, हे तीन प्रश्न विचारले की बऱ्याच ‘क्लिअर टायटल’चा रंग उडतो.

घर दिसतंय, पण त्याची नोंद कुठाय?

विकणाऱ्याने मामाला ग्रामपंचायतीचा असेसमेंटचा उतारा दाखवला, म्हणजे घरपट्टीचा नमुना आठ. त्यावर घर क्रमांक होता, नाव होतं, शिक्का होता. पण तो कर आकारणीचा कागद आहे. घरावर पट्टी कुणाकडून वसूल करायची, एवढंच तो सांगतो. जागेची मालकी त्याने सिद्ध होत नाही.

घर गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड मागा. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून अशी कार्डं दिली जाताहेत. घर शेतजमिनीत असेल तर विचारायचं, हे बांधकाम कोणत्या परवानगीने झालं? शेतकऱ्याने शेतीसाठी बांधलेलं शेतघर वेगळं आणि भाड्याने द्यायचा वीकेंड बंगला वेगळा. दुसऱ्यासाठी बिगरशेती वापराची परवानगी लागू शकते. दुरुस्तीच्या नावाखाली दोन खोल्यांच्या पाच झाल्या असतील, तर त्या वाढीव तीन खोल्या कागदावर आहेत का, तेही बघायचं.

बँका शेतजमिनीतल्या अशा घरांना साधं गृहकर्ज द्यायला सहसा तयार नसतात. बँक नाही म्हणाली तर तिच्यावर चिडण्याआधी का नाही म्हणाली ते विचारा. फुकटात तपासणी होते.

ड्रोन वरून येतो, तुम्हाला खालून जायचंय

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, वाट.

‘शेजारी कुणी नाही’ याचा दुसरा अर्थ असा की घर रस्त्यावर नाही. मग मध्ये कुणाची तरी जमीन आहे. त्या घराला जायला डांबरी रस्ता सोडून एक पाखाडी उतरायची, मग एका आजींच्या काजूच्या बागेतून गडग्याच्या कडेने जायचं. रीलमध्ये हा भाग नव्हता. दुरुस्तीच्या वेळी सामान नेण्यासाठी आजींनी गडगा थोडा काढू दिला होता, तिथूनच गाडी आत जात होती.

मी आजींना विचारलं, रस्ता आहे ना इथून? त्या म्हणाल्या, ‘पायवाट आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून आहे, तिला कोण नाही म्हणणार? पण गाडीची नाही. काम होईपर्यंत म्हणून दिली होती.’

कायद्याच्या भाषेत आजींनी अगदी नेमकं सांगितलं होतं. १८८२ च्या वहिवाट हक्क कायद्याप्रमाणे २० वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क मिळू शकतो. पण हक्क तेवढाच, जेवढा वापर. पायवाटेची वहिवाट असली म्हणून तिचा आपोआप गाडीरस्ता होत नाही. आणि कुणी मर्जीने दिलेली वाट हा हक्क नसतो.

शेताला वाट नसेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. असलेली वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. शेतरस्त्यांची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत घेण्याचा निर्णयही सरकारने २०२५ मध्ये घेतला. पण हे सगळं भांडण झाल्यानंतरचं. घेण्याआधी गावनकाशावर वाट आहे का बघा आणि नसेल तर शेजाऱ्याकडून रुंदी लिहून नोंदणीकृत रस्त्याचा हक्क विकणाऱ्यालाच मिळवून द्यायला सांगा. विकणारा म्हणाला ‘आजी चांगल्या आहेत’, तर त्या खरंच चांगल्या असतात. पण त्यांच्यानंतर त्यांची जमीनही कुणीतरी रील बघून विकत घेणार असतं.

‘रिनोव्हेटेड’ म्हणजे नेमकं काय केलं?

जुनं कोकणी घर जांभ्या चिऱ्याचं आणि बऱ्याचदा मातीच्या जोडणीचं असतं. ती भिंत ओल घेते आणि सोडते. तिला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून वर ऑइल पेंट लावला, की ओल आतच अडकते. मार्चमध्ये गुळगुळीत दिसणारी भिंत ऑगस्टमध्ये फुगते, पोपडे येतात. म्हणून रंगाचं कौतुक करण्याआधी जोत्याजवळची भिंत हाताने चाचपा.

छपराकडे बघताना कौलांकडे नाही, वाशांकडे बघा. नवी कौलं जुन्या वाशांवर चढवली असतील तर वाळवी आत काम करतच असते. लाकडात स्क्रू-ड्रायव्हर टोचला आणि तो सहज आत गेला, तर समजा खर्च बाकी आहे. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीतल्या हजारो घरांची छपरं उडाली आणि आडबाजूच्या वाड्यांत कित्येक दिवस वीज नव्हती. एकटं घर असलं की तारही शेवटची आणि दुरुस्तीचा नंबरही शेवटचा.

पाण्याची गंमत तर वेगळीच. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात कित्येक वाड्यांना टँकर लागतो. जांभा खडक पाणी धरून ठेवत नाही. विहीर बघायची ती मेच्या शेवटच्या आठवड्यात. ती सामाईक आहे का, पंपाची वीज कुणाच्या नावावर आहे, शौचालयाचा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला तर नाही ना, हेही बघायचं.

आणि घर पावसातही बघायचं. मागचा डोंगर फोटोत छान दिसतो, पण २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी इथं काय झालं ते आपण विसरलेलो नाही. घर सपाट करण्यासाठी डोंगर कापलाय का, पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, हे जुलैत एकदा उभं राहून बघितलं की कळतं.

काही जमिनी अशा, जिथं आधीच थांबायचं

इतर हक्कांत वनाचा किंवा खाजगी वनाचा शेरा असेल तर १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यामुळे ती जमीन सरकारकडे गेलेली असू शकते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि सरकारची पूर्वमंजुरी लागते. रायगड-पालघरमध्ये हे हमखास तपासा. समुद्राजवळ सीआरझेडचे नियम लागतात. सह्याद्रीच्या कुशीत पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात गाव आहे का, ते बघावं लागतं. आंबोली, चौकुळ, गेळे या भागात कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न कित्येक वर्षांचा आहे. नुसतं धुकं बघून तिथं व्यवहार करायचा नसतो.

मग टोकन द्यायचं कधी?

क्रम असा ठेवा. आधी सातबारा, आठ अ, फेरफार आणि घराचा उतारा स्वतः काढा. मग शेजाऱ्यांकडे जाऊन चहा प्या. मग वकिलाचा सर्च रिपोर्ट. मग भूमी अभिलेखची सरकारी मोजणी, ज्यात हद्दीचे दगड आणि नकाशा दोन्ही जुळतात. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, म्हणजे कुणाची हरकत असेल तर ती आधीच येते. त्यानंतर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांचं नोंदणीकृत साठेखत आणि शेवटी खरेदीखत. पैसे बँकेतूनच द्यायचे. खरेदीनंतर फेरफार होऊन आपलं नाव चढलं का, तेही बघायचं.

‘उद्या दुसरी पार्टी येतेय’ असं ऐकलं की म्हणायचं, येऊ दे. नऊ हिस्सेदार असलेलं घर उद्यापर्यंत कुठं जात नाही.

आणि मामाचं काय झालं?

रविवारी मामाने टोकन दिलं नाही. त्या तीन बहिणींपैकी एकीचा फोन नंबर आजींकडेच मिळाला. घर विकायला काढलंय, हे तिला माहीतच नव्हतं. ‘माझ्या आईची चूल आहे तिथं,’ एवढंच म्हणाली. रील नंतर काही दिवसांनी गायब झाली.

मामा शेतकरी आहे का, हे शोधताना मात्र आमच्याच घरातली गोष्ट वर आली. त्याच्या आजोबांच्या नावावर संगमेश्वर तालुक्यात थोडी जमीन होती. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी उताऱ्यावर तेच नाव. वारस नोंद कुणी केलीच नव्हती. दुसऱ्याच्या कागदांत खोट काढायला निघालेले आम्ही, आमचाच कागद चाळीस वर्षं मागे होता.

मग अर्ज केला. मृत्यूचे दाखले, वंशावळ, प्रतिज्ञापत्र. नोटीस निघाली, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहिली, नोंद मंजूर झाली. मामा म्हणतो, आता घर शोधेन ते शेतकरी म्हणूनच आणि यंदा मेमध्ये विहीर बघून.

नवीन उताऱ्यावर अकरा नावं आहेत. हिस्सा मोजला तर प्रत्येकाला जेमतेम दोन-तीन गुंठे. त्यात मामाचं नाव आहे आणि त्याच्याखाली माझ्या आईचं. आईने तो उतारा दोनदा वाचला आणि विचारलं, ‘हा कागद ठेवायचा कुठं?’